स्कॉटलंडमधल्या पीबल्सच्या आसपास माउंटन बाइकिंगचे कुठले रूट करावेत? सिंहगड चढणाऱ्याने थेट रेड केला तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की सिंहगडचा घाट न थांबता चढता, जूनमध्ये चार दिवस पीबल्सला मुक्काम आहे, आणि ब्लू ट्रेलवर दिवस फुकट घालवायचा नाही (इथल्या सायकलवाटांना अवघडपणानुसार रंग दिलेत: ब्लू मध्यम, रेड अवघड). हे शेवटचं वाक्य मी 2018 च्या जूनमध्ये माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी एडिनबराला राहते, दादा नाशिकला. नाशिकहून पंढरपूरला सायकलने तीनदा गेलेला, कसाऱ्याचा घाट म्हणजे त्याचा रविवारचा व्यायाम. माझ्याकडे तीन आठवडे आला होता. पहिल्याच दिवशी ग्लेनट्रेसला नेलं, म्हणजे पीबल्सजवळच्या जंगलातल्या माउंटन बाइकच्या ट्रेल सेंटरला. मी म्हटलं आज ब्लू करू. तो म्हणाला, ब्लू पोरांसाठी असतो. भाड्याची सायकल घेतली, सीट रोडबाइकसारखी उंच करून घेतली आणि रेडवर निघाला. चढ त्याने असा काढला की वर पोचले तेव्हा त्याचं पाणी पिऊन, केळं खाऊन झालं होतं. मग उतार सुरू झाला. रात्रभर पाऊस पडलेला, दगड साबणासारखे. दादा सीटवर बसून, चारही बोटांनी ब्रेक आवळून उतरत होता. मी मागून ओरडत होते की उभा राहा, सीट खाली घे. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढचं चाक गेलं. कोपर सोलला, खांदा सुजला. उठल्यावर म्हणाला, ट्रॅक बेकार आहे.

ट्रॅक बेकार नव्हता. 2023 च्या ऑगस्टमध्ये माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री प्रकाराची जागतिक अजिंक्यपद शर्यत याच जंगलात झाली, पुरुषांत टॉम पिडकॉक जिंकला. हे रंग तुमचा दम मोजत नाहीत, उतारावर चाकाखाली काय येणार ते सांगतात. सिंहगडला तुम्ही चढता ते डांबरावरून, उतरताही डांबरावरूनच. तो दम इथे वर पोचायला कामाला येतो, खाली यायला नाही.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. खांदा जरा बरा झाल्यावर मी त्याला जिप्सी ग्लेनला नेलं. पीबल्सच्या दक्षिण टोकाला वस्ती संपते, झाडीतला छोटा ओढा लागतो, तो ओलांडला की चढ सुरू. ही जुनी गुरांची वाट, ड्रोव्ह रोड. उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँडची गुरं फॉलकर्कच्या बाजारात विकली जायची आणि तिथून पीबल्सवरून याच डोंगरांतून इंग्लंडकडे हाकली जायची. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आपल्या कोकणातल्यासारखेच नुसते दगडावर दगड रचलेले, आणि मधे रुंद हिरवा पट्टा, कारण गुरं चरत चरत जायची. आता तिथे मेंढ्या असतात. गडग्यावर हात ठेवला तर पांढरं-करडं दगडफूल बोटांना लागतं.

पहिला चढ उभा आहे. दादा गवतावर चाक गरागरा फिरेपर्यंत दामटत राहिला, मग उतरला. मी आधीच उतरून ढकलत होते. तो थांबला आणि म्हणाला, "ढकलायचीच होती तर आणलीस कशाला?" आणि वळून खाली गेला.

मी गेले वर. केली हिल, मग कर्कहोप लॉ, मग बर्क्सकेर्न. 661 मीटर, माथ्यावर दगडांची रास. अर्धं अंतर चालवत, अर्धं ढकलत, मधे दोन फाटकं उघडून, परत लावून. डावा पेडल पोटरीवर आपटून आपटून काळानिळा डाग पडला होता. वर कर्ल्यू पक्षी ओरडत होता, बाकी फक्त वारा. खाली ट्वीड नदीचं आख्खं खोरं दिसत होतं. आणि मग परतीचा उतार: दोन गडग्यांमधून, कुठे गवत, कुठे सुटे दगड, कुठे पाण्याने कापलेली चर. ओढ्यापर्यंत मी एकदाही पाय टेकला नाही. पाण्यातून सायकल काढली तेव्हा ब्रेकची डिस्क चर्र वाजली.

आजही घरच्या व्हिडिओ कॉलवर विषय निघाला की दादा म्हणतो, हिने सायकल डोंगरावर फिरायला नेली होती. सगळे हसतात. म्हणून इथे नीट लिहिते. डोंगरात सायकल ढकलणं हा माउंटन बाइकिंगचाच भाग आहे. ज्याला ते कमीपणाचं वाटतं त्याने रोडबाइकच चालवावी. ट्रेल सेंटरवर सगळं आयतं असतं: चढाला बांधलेली वाट, उताराला घडवलेली वळणं, फांदीफांदीवर बाण. मजा येते, मीही जाते. पण तेवढंच करून परतलात तर स्कॉटलंडमध्ये सायकल चालवली असं मी म्हणणार नाही. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने इथे जवळजवळ कुठल्याही डोंगरवाटेवर जबाबदारीने सायकल नेण्याचा हक्क दिलाय. इंग्लंडमध्ये पायवाटेवर हा हक्क नाही. तो मिळालाय तर वापरा.

तर तुमचे चार दिवस. पहिला दिवस ग्लेनट्रेसचा ब्लू, दोनदा. पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा सीट खाली घेऊन, पेडल समांतर ठेवून, ब्रेकवर एकच बोट. सरावाची जागा उघडी असेल तर तिथे एक तास द्या. दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला जुन्या रेल्वेमार्गावरून शेजारच्या इनरलीदन गावाला, सपाट वाट, साधारण दहा किलोमीटर. तिथून ट्रॅक्वेअर गावावरून मिंच मूर डोंगरावर चढा, 567 मीटर. वाटेत 'चीज वेल' नावाचा झरा लागतो. पऱ्यांसाठी तिथे चीज ठेवायची जुनी रीत आहे, अजून लोक नाणी वगैरे ठेवतात. तिसऱ्या दिवशी जिप्सी ग्लेन. चौथ्या दिवशी, आणि पहिल्या दिवशी उतारावर हात आखडले नसतील तरच, ग्लेनट्रेसचा रेड. इनरलीदनच्या गोल्फ कोर्समागच्या डोंगरावरच्या उतारांचे व्हिडिओ पाहून तिकडे वळू नका, ते फार उभे आहेत आणि पडलात तर झाडावरच पडता.

एडिनबराहून एक्स 62 बस येते. पीबल्सला रेल्वे 1962 पासून नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात या जंगलांतली खूप झाडं आडवी झाली आणि लाकूडतोडही चालू असते, त्यामुळे माझ्या वेळच्या वाटा जशाच्या तशा असतील असं धरू नका. ट्रेल बंदची पाटी असेल तर समोर कुणी दिसत नसलं तरी आत शिरू नका. बर्क्सकेर्नवर धुकं उतरलं तर गडगा डोळ्यांआड होऊ न देता परत फिरा. मेंढ्यांसोबत पिल्लं असतील तर उतरून चालत जा. रोज संध्याकाळी पाय, गुडघ्यामागची जागा, कंबर तपासा, गोचिडी असतात. उजेड रात्री दहापर्यंत राहतो, पण जेवण तेवढ्या उशिरापर्यंत सगळीकडे मिळत नाही.

आणि सायकल भाड्याने घेताना साधे फ्लॅट पेडल मागा, पायात पकडीचे बूट घाला. दादा नाशिकहून क्लीटचे, म्हणजे तळाशी पेडलमध्ये अडकणारी खाच असलेले, बूट घेऊन आला होता. जिप्सी ग्लेनच्या त्या चढावर, ओल्या दगडांवरून, क्लीट घालून दहा पावलंसुद्धा सायकल ढकलता येत नाही. हे मला पुढच्या वर्षी स्वतः क्लीट लावून गेले तेव्हा कळलं. त्या दिवशी त्याला ते सांगता आलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.