रियाज अडला असेल तर

पेटीवर नवे काही सुचेनासे झाले की नवा राग शिकायला घेणे, हा मला चुकीचा उपाय वाटतो. त्याऐवजी तुम्ही भूप रागच घ्यावा, ज्यात मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असल्याने हाती पाचच स्वर उरतात, आणि विलंबित, म्हणजे संथ लयीत गंधारावर (ग) न्यास ठेवून, म्हणजे त्या स्वरावर विसावून, लहान लहान स्वरवाक्ये रचावीत. त्याच स्वरांत धैवताला (ध) प्राधान्य दिले की देशकार हा दुसरा राग कसा उभा राहतो, हेही मग हळूहळू कानाला कळू लागेल. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहाटे भाता मारणे शेजाऱ्यांना रुचत नाही, म्हणून संध्याकाळी २० मिनिटे बसावे. भूप तसाही रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. लोकलच्या गर्दीत पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने फिरवलेले स्वरसमूह, मनातल्या मनात म्हणावेत. सुचलेले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र आठवडाभर ऐकू नये.