पार्कात मुलांना काय खायला घालू?

प्रश्न: ताई, सुट्टीत आम्ही कोथरूडहून खोपोलीच्या इमॅजिकाला जातोय. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत म्हणे. दिवसभर चिप्स-कोला कसं टाळू?

उत्तर: डबा न्या, पण गाडीत ठेवा. निघण्याआधी मुगाची धिरडी आणि दही पोटभर द्या. उपाशी मूल आत शिरलं की पहिल्याच स्टॉलपाशी हट्ट सुरू होतो. वाटेत फूड मॉलवर वड्यांसाठी थांबू नका. तेलकट खाऊन गरगर फिरणाऱ्या राइडवर बसलं की हमखास मळमळतं.

जेवण गर्दीआधी, बारालाच उरका. इडली किंवा डाळ-भात मिळाला तर तोच घ्या. कोला मात्र नकोच! ३०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, वर तहान आहे तशीच. खेळात मुलं पाणी मागत नाहीत, तुम्हीच अधूनमधून पाजत राहा. एक आइसक्रीम द्या, अगदी आनंदाने.

परतताना घाट लागण्याआधीच खाकरा, भाजलेले शेंगदाणे आणि केळी काढा. केळी डिकीत ठेवू नका, उन्हाने काळी पडतात.