पाण्यातून आलात? गोळीही वेळेत, अर्जही वेळेत

प्रश्न : मी कलिन्याच्या विद्यापीठ परिसरात लिपिक आहे. कुर्ला स्टेशनहून येताना पावसाळ्यात बरेचदा गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. टाचांना भेगा आहेत. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी आधीच घेऊन ठेवावी का?

उत्तर : आधी नको, पण पाण्यातून चालल्यावर उशीरही करू नका. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि भेगा, खरचटलेली कातडी, डोळे, तोंड यांतून शरीरात शिरतात. त्यामुळे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावं, असा महापालिकेचा सल्ला असतो. एकदाच चाललात आणि पायाला जखम नसेल, तर २०० मिलिग्रॅम एकदाच. एकदाच चाललात पण जखम होती, तर रोज २०० असं तीन दिवस. वारंवार चालावं लागत असेल, तर आठवड्यातून एकदा २००, सहा आठवडे. तुम्ही या शेवटच्या गटात बसता. डॉक्टरांना भेगांबद्दल आवर्जून सांगा. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात.

चूक होते ती गोळी घेण्याच्या पद्धतीत. रात्री पडता पडता घोटभर पाण्याबरोबर गिळली, तर ती अन्ननलिकेला चिकटते आणि तिथे जखम होते. छातीत जळजळतं, घास उतरत नाही. म्हणून जेवणानंतर, बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. एकत्र घेतल्यास डॉक्सिसायक्लिन अंगी लागत नाही.

गोळी घेतली म्हणून ताप अंगावर काढू नका. तापाबरोबर पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पाण्यातून कधी चाललात ती तारीख सांगा. ती कळली नाही की साधा व्हायरल समजून दिवस वाया जातात. तोवर पॅरासिटॅमॉलच घ्या. ताप डेंग्यूचा निघाला, तर ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रश्न : तापामुळे नऊ दिवस घरी होतो. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलं होतं. तरी आस्थापना विभाग कागद मागतोय. किती रजा कापली जाईल?

उत्तर : ग्रुपवरच्या मेसेजला आवक क्रमांक (कार्यालयात आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक) पडत नाही, म्हणून सेवापुस्तकात नोंद करायला तो उपयोगी नाही. आजारी पडलात की पहिल्या दिवशीच घरच्यांकरवी किंवा ईमेलने अर्ज पोचवा. प्रमाणपत्र मागाहून जोडता येतं.

राज्य सरकारच्या १९८१च्या रजा नियमांप्रमाणे अर्धपगारी रजा १ जानेवारी आणि १ जुलैला दहा-दहा दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगार मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस जातात. म्हणजे तुमच्या नऊ दिवसांचे अठरा. मधले रविवारही मोजले जातात. अर्जित रजा शिल्लक ठेवायची असेल, तर अर्जात ‘परिवर्तित रजा’ असं स्पष्ट लिहा. पहिले दोन दिवस किरकोळ रजेत (सीएल) टाकून उरलेले मेडिकलमध्ये दाखवायची युक्ती बरेचजण सुचवतात. ती करू नका, किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही.

प्रमाणपत्रावर आजार, विश्रांतीची पासून-पर्यंत तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या. विश्रांती १२ तारखेपर्यंत लिहिलेली आणि हजर झालात १४ला, तर १३ तारीख कुठल्याच कागदावर येत नाही आणि गैरहजेरी लागते. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट हवंच. त्याशिवाय रुजू करून घेत नाहीत.

प्रश्न : आमच्या विभागात डास फार आहेत. फवारणीसाठी कुणाला लिहायचं?

उत्तर : महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या कीटकनाशक विभागाला लिहा, पण आधी फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, मनी प्लांटची बाटली आणि कुलरची टाकी बघा. डेंग्यूच्या डासाची अंडी आठवड्याभरात डास होतात, शिवाय ती भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून काथ्याने घासावं लागतं. दर शुक्रवारी घासा, आणि गणपतीच्या सुट्टीआधी ट्रे कोरडा करून ठेवा.