औदुंबर नेमका कशाचं प्रतीक?

प्रश्न : बालकवींच्या ‘औदुंबर’मधलं झाड म्हणजे विरक्त योगी की मृत्यू? गाइडांत दोन्ही सापडतं.

उत्तर : अर्थ जरा बाजूला ठेवा. आधी आठ ओळींतले रंग पेन्सिलीनं खुणावा : निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, मग काळा डोह. नजर गावाकडून काळोखाकडे सरकते, म्हणून मृत्यू सुचतो. पण लाटांवरचा काळिमा ‘गोड’ आहे आणि झाड पाण्यात पाय टाकून निवांत बसलंय. तिथे निव्वळ मृत्यू हा अर्थ तोकडा पडतो. योगी म्हणायचं तर आधार त्या बसण्याचाच द्या. दत्ताचा औदुंबर मात्र बाहेरून आणून चिकटवू नका (बहुतेकांची गाडी इथेच घसरते). कवितेत ना पार, ना पादुका.