‘जारकर्म’ आणि ‘व्यभिचार’ एकच का?

एका वाचकाने विचारलं आहे: मराठी बायबलात ‘जारकर्म’ आणि ‘व्यभिचार’ असे दोन्ही शब्द येतात, ते समानार्थी आहेत का? आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी ‘पापात पडली’ म्हटलं की सगळे शरीरसंबंधाचा एकच अर्थ का घेतात?

समानार्थी नाहीत. बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 6व्या अध्यायातली पापी लोकांची यादी काढून बघा. जारकर्मी वेगळे सांगितले आहेत, व्यभिचारी वेगळे. मूळ ग्रीकमध्येही तिथे दोन शब्द आहेत. ‘मोइखेइया’ म्हणजे लग्नाशी बेइमानी, तो आपला व्यभिचार. ‘पोर्नेइया’ हा वेश्येसाठीच्या ‘पोर्ने’ शब्दाशी नातं असलेला. पुढे त्याचा अर्थ पसरला आणि कुठल्याही निषिद्ध शरीरसंबंधाला तो लागू लागला. त्याच्यासाठी भाषांतरकारांनी ‘जारकर्म’ घेतला. संस्कृतात ‘जार’ म्हणजे परस्त्रीचा प्रियकर, त्यामुळे हा शब्द त्यांना बराच ताणावा लागला आहे. पण एक लक्षात घ्या, शब्दाच्या मुळाशी उभा आहे तो पुरुष.

‘व्यभिचार’ची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. वि + अभि + चर्, म्हणजे वाट सोडून जाणं. गीतेच्या 13व्या अध्यायात भक्तीला ‘अव्यभिचारिणी’ म्हटलंय ते याच अर्थाने. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, तर त्याचा शरीराशी संबंधच नाही. आग तिथे धूर, असं म्हणावं तर तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. नियम असा एके ठिकाणी लागावा आणि दुसरीकडे चुकावा, याला नैयायिक व्यभिचार म्हणतात.

आता ‘पापात पडली’. पौलाच्या त्याच यादीत चोर, लोभी, मद्यपी आणि चहाडही आहेत. 5व्या अध्यायात तर अशांच्या पंक्तीला बसू नका म्हणून सांगताना तो लोभ्याचंही नाव घेतो. लोभापायी कुणाला पंक्तीतून उठवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. एका मुलीचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी, बंद झालेलं मात्र लहानपणी पाहिलंय. तिच्याबरोबरचा मुलगा पुढच्या रविवारी गायनात उभा होता. त्याच्याबद्दल ‘चुकला’ म्हणत, तिच्याबद्दल ‘पडली’. ही दोन क्रियापदं माझ्या कानातून अजून गेलेली नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूपुढे उभं करतात आणि मोशेच्या नियमशास्त्राचा दाखला देतात. त्या नियमशास्त्रात, लेवीय 20:10 मध्ये, शिक्षा दोघांना आहे. पुरुषाला कुणी आणलेलंच नाही. नैयायिकांच्या अर्थाने व्यभिचार तिथे निवाड्यातच आहे.

तेव्हा लिहिताना लग्नाशी बेइमानी असेल तिथे ‘व्यभिचार’ लिहा. दहा आज्ञांतही तोच शब्द आहे. ‘जारकर्म’ बायबलची वचनं समजावताना ठेवा, एरवी जे घडलं ते सरळ सांगा. आणि ‘पडली’ लिहायचंच असेल, तर त्याच वाक्यात ‘पडला’ही लिहा.