बाजेवर कोण आहे?

“मुलगा ‘असा’ आहे म्हणतो. मंडळीला काय सांगू आणि देवाला काय उत्तर देऊ?”

नगर, पुणे, वसई, संभाजीनगर, कुठूनही आलेली ख्रिस्ती आई असो, हे वाक्य थोड्याफार फरकाने मी समुपदेशनाच्या कामात गेली काही वर्षं ऐकते आहे. ‘असा’ म्हणजे समलैंगिक. शब्द बदलतात, क्रम सहसा बदलत नाही. मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, आधी, देव नंतर. माझ्या मते अर्धं काम या क्रमातच लपलेलं असतं. म्हणून एका आईबरोबरच्या सात महिन्यांतल्या अकरा भेटी इथे आटोपशीर मांडते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, घरच्यांची परवानगी घेतली आहे.

मार्थाबाई निवृत्त शिक्षिका. मुलगा शमुवेल, वय २७, पुण्यात नोकरी, उपासनेत पेटी वाजवणारा. त्याने आईला सांगितलं की त्याला मुलींबद्दल कधीच ओढ वाटली नाही आणि वाटणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत घरात तीन गोष्टी झाल्या. बाईंनी एकवीस दिवसांचा उपवास धरला, प्रार्थना करून ‘आत्मा बांधणाऱ्या’ एका माणसाला घरी बोलावलं आणि स्थळं बघायला सुरुवात केली. शमुवेल शनिवार-रविवारी घरी यायचा, तो यायचा थांबला.

पहिल्या भेटीत त्या पिशवीतून बायबल घेऊनच बसल्या. पानापानांत कागदाच्या चिठ्ठ्या.

“त्याला बरं करता येईल ना, मॅडम?”

“आजार असता तर उपचार सांगितला असता, बाई.”

इथे थोडी माहिती द्यावी लागते आणि ती मी कोरडेपणानेच देते, कारण घाबरलेल्या माणसाला गोडव्यापेक्षा ठाम जमीन हवी असते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. आपल्या मानसिक आरोग्य कायद्यात, २०१७ च्या, स्पष्ट लिहिलं आहे की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींत माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांमधले असे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. आणि ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेलाने कपाळ माखून ओरडणाऱ्या माणसाला आयोगाचा नियम लागू होत नाही, पण मुलावर होणारा परिणाम तोच: शरम, मग लपवाछपवी, मग घराशी तुटलेपण. कधीकधी जिवावर बेतणारे विचार. असं काही दिसलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो फोन प्रार्थनेच्या आधी लावावा.

तिसऱ्या भेटीत स्थळाचा विषय निघाला.

“गरिबाघरची मुलगी आहे. वडील नाहीत. आम्ही देण्याघेण्याचं काही बोललो नाही. लग्न झालं की सगळे मार्गी लागतात.”

“तिला सांगणार आहात?”

“तिला कशाला?”

“मग तिच्या बाजूने कोण बोलणार? वडील नाहीत म्हणालात.”

बाई गप्प झाल्या. मी एवढंच म्हटलं, “संडे स्कूलमध्ये यशया शिकवता ना? पोरक्याचा न्याय करा, हे पहिल्याच अध्यायात आहे.”

प्रेमाबद्दल बोलताना सगळे सोदोमावर, बायबलमधल्या देवाने नाश केलेल्या शहरावर, येऊन थांबतात, न्यायाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सोदोमाचा दोष काय होता हे संदेष्टा यहेज्केल सोळाव्या अध्यायात सरळ सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. तपशील लपवून बापाविना वाढलेली मुलगी सून म्हणून आणणं हे त्या यादीत अगदी चपखल बसतं. व्यवहाराचं बोलायचं तर अशी लग्नं लवकर मोडतात आणि त्यातून बाहेर पडणं मुलीला जास्त महागात जातं. ख्रिस्ती दांपत्याला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या मजकुरात, परस्परसंमती असली तरी आधी दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे. स्थळ त्या आठवड्यात थांबलं. मुलाला जे द्यायला आईचं मन तयार नव्हतं, तो न्याय तिने आधी एका परक्या मुलीला दिला. माझा अनुभव आहे की कुटुंबं अनेकदा अशी आडवाटेनेच येतात. सरळ वाटेवर ती अडून बसतात.

आता सहावी भेट. तिच्यावर जरा रेंगाळते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट बाईंना तोंडपाठ होती. कफर्णहूमातलं घर, दाराशी गर्दी, पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलेलं, वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून बाज येशूपुढे खाली सोडलेली. मी म्हटलं, “ही गोष्ट तुमच्या घरात घडतेय असं धरा. कोण कुठे आहे?”

“शमू बाजेवर. एक कोपरा माझ्या हातात. बाकीचे तिघे सोडून गेले.”

“शमू झोपतो नीट?”

“झोपत असेल. मित्रांबरोबर खोली आहे.”

“कामावर जातो?”

“जातो की. बढती मिळाली. मुलांना पेटी पण शिकवतो.”

“तुम्ही झोपता?”

“मी रात्री दोनला उठते. छाती धडधडते. भगिनी मंडळात जाऊन चार महिने झाले. भाजी आणायलासुद्धा लांबच्या बाजारात जाते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.”

“मग बाजेवर कोण आहे?”

पंख्याचा आवाज ऐकू येईल एवढा वेळ गेला. मग बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. “म्हणजे पोरगं चालतंय आणि मीच आडवी पडलीय.”

हा प्रश्न मी पाच भेटी राखून ठेवला होता. पहिल्याच दिवशी विचारला असता तर तो शहाणपणा मिरवल्यासारखा झाला असता आणि बाई चिडून निघून गेल्या असत्या. आणखी एक कारण होतं. ही गोष्ट अशा घरांत फार वेळा चुकीची वापरली जाते: मुलगा पक्षघाती, मंडळी चौघं, प्रार्थना केली की तो ‘ऊठ आणि चाल’. समलैंगिक मुलाला पांगळा ठरवणारी ही मांडणी मुळातच खोटी आहे. घरात आजारी कुणी असेल तर भीती आजारी आहे आणि ती सहसा आईच्या अंगात असते. मी माणसाला एकटं सुटं बघत नाही, घर म्हणून बघते. घरातलं ओझं सगळ्यांत कमी बोलणाऱ्याच्या पाठीवर जाऊन बसतं. माझ्या कामाचा पाया एवढाच.

त्या गोष्टीतली आणखी एक बारीक नोंद बाईंनीच शोधून काढली, सातव्या भेटीत. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलंय. उचलून आणणाऱ्यांचा. “म्हणजे माझा विश्वास संपला तरी चालेल थोडे दिवस?” त्यांनी विचारलं. चालेल, मी म्हटलं, चौघं मिळाले तर.

त्याच दिवशी बाईंच्या वडिलांचा विषय निघाला. वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर जुनी जात तशीच ठेवली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलतींतून बाहेर पडतो. पुढे शीख आणि बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. गावाने मात्र जात कधी विसरली नाही. “रविवारी देवळात (चर्चला) निघालो की बाबा सांगायचे, कुणी विचारलं तर मावशीकडे चाललोय म्हणा. कागदावर एक, घरात एक. मला त्याचा इतका राग यायचा...” आणि त्या थांबल्या. शमूला त्या गेले चार महिने तेच शिकवत होत्या. मी तोंड उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती.

इथून पुढचं काम हातात धरण्याजोगं आहे, म्हणून तपशिलाने सांगते. ‘मंडळी’ नावाची एकसंध गर्दी आपण डोक्यात उभी करतो. शंभर-दीडशे कुटुंबांना कुणीच काही समजावू शकत नाही. बाज उचलायला चार माणसं लागतात. ती अशी शोधायची.

आधी मुलाची परवानगी. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे तो ठरवतो. शमूने पाच नावांतून दोन खोडली आणि ती का खोडली हे सांगितल्यावर बाईंना कळलं की मंडळीची माणसं मुलाला आपल्यापेक्षा जास्त ओळखू येतात. त्या फोनमुळे दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, हा मोठाच फायदा.

चौघं चार दिशांचे हवेत. एक नात्यातला, एक मंडळीतला, एक याच वाटेने गेलेला पालक आणि एक पूर्ण बाहेरचा, ज्याचं आपल्या देवळाशी काही देणंघेणं नाही. चौघंही मंडळीतलेच घेतले तर एकाचं मन फिरलं की चारही कोपरे एकदम सुटतात. पालकांचे आधारगट मुंबई-पुण्यात आहेत, ऑनलाइनही भेटतात. ख्रिस्ती पालकच हवा असा हट्ट धरू नये. बाईंना तिथे भेटलेली आई कोल्हापूरकडची, वारकरी घरातली. दोघींचं जमलं ते भजनावरून.

सांगण्याआधी पारख करावी. वर्तमानपत्रातली एखादी बातमी काढून समोरचा काय बोलतो ते ऐकावं. मग आपली दुसरीच एखादी लहानशी खासगी गोष्ट सांगावी आणि दोन आठवडे थांबावं. ती फिरून आपल्या कानावर आली तर ते नाव वगळावं. सांगायचं तर समोरासमोर, आठवड्याच्या मधल्या वारी, घरी. उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात नको. मेसेजवर तर नकोच, तो पुढे जातो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो प्रार्थनेच्या विनंतीने. “शमूसाठी प्रार्थना करा, जरा अडचण आहे,” एवढं वाक्य भगिनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की संध्याकाळपर्यंत अडचणीचा तपशील तयार होतो, तोही बहुतेक चुकीचा. प्रार्थना हवी असेल तर चौघांपैकी एकाला मागावी, नाव घेऊन, दार लावून.

दुसरी चूक म्हणजे पदामुळे पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, आधी सांगणं. पाळक प्रेमळ असले तरी त्यांच्यावर पंचांचा दबाव असतो. त्यांच्याकडे शेवटी जावं, एकच विनंती घेऊन, वीस मिनिटांत बोलणं संपवावं. वचनांची लढाई करू नये, त्यात पाळक पढलेले असतात आणि आई हरते. बाईंची विनंती होती: “तो आला तर पेटीवर बसू द्याल ना?” पाळकसाहेबांनी दोन आठवडे मागितले आणि मग हो म्हणाले. प्रवचनात या विषयावर टोमणा मारणार नाही, असंही म्हणाले. बाईंनी ते मागितलंही नव्हतं.

खोटी आशा मी देत नाही. आपल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मत अजून प्रतिकूल आहे. कॅथलिक चर्चही असे संबंध मान्य करत नाही, पण या माणसांना आदराने, करुणेने आणि नाजूकपणे वागवावं, अन्यायकारक भेदभाव करू नये, असं त्याच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २३५८ व्या परिच्छेदात आहे. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या निवेदनाने समलिंगी जोडप्यांना विधीबाहेर साधा आशीर्वाद द्यायला वाट दिली, लग्नाचा विधी मात्र नाकारला. देशाच्या कायद्यातही असं लग्न नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला ते संसदेवर सोपवलं. वसईच्या कॅथलिक आईबापांना मी धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला तो परिच्छेद क्रमांकासह लिहून देते. धर्मगुरूंशी बोलताना क्रमांक उपयोगी पडतो.

“आपल्यात हे कधी नव्हतं,” हे वाक्य आलं की मी केडगावची आठवण देते. पंडिता रमाबाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये, जिला समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलं तिच्यासाठी वेगळं कृपा सदन उभं केलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत असा बेत होता. या दोघांनी आजच्या आपल्या प्रश्नावर काही मत दिलं असं मी सुचवत नाही. दार किती उघडं ठेवायचं याचं माप त्यांनी मोठं घेतलं होतं, एवढं खरं.

मार्थाबाईंचे तीन कोपरे भरले: धाकटी बहीण, गायनपथकातले एक वयस्कर काका आणि कोल्हापूरची ती आई. चौथा अजून मोकळा आहे. तिथे त्यांना मिस्टर हवेत आणि मिस्टर “तुझं तू बघ” यापुढे गेलेले नाहीत. मी बाहेरचं एखादं नाव सुचवलं, बाई थांबायला तयार आहेत. शमुवेल नाताळला आला, दोन दिवस राहिला. वडिलांनी त्याच्याशी गाडीच्या इन्शुरन्सबद्दल बोलणं काढलं.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, “आमच्या मंडळीत आणखी एक आई आहे. माझा अंदाज आहे, तिच्याकडेही हेच चाललंय. मी तिचा कोपरा धरू का? माझं सांगावं लागेल मग.”

मी काही बोलायच्या आत त्याच उठल्या, पर्समधून फोन काढला आणि शमूला विचारायला बाहेर पॅसेजमध्ये गेल्या.