चॅनलवाले म्हणतात खंजिरी नको, मग १५ ऑगस्टला गायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, नागपुरात आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे, मी तबल्यावर असतो. १५ ऑगस्टला देशभक्तीपर गाण्यांचा प्रोग्राम आहे आणि एक लोकल चॅनल तो लाइव्ह दाखवणार आहे. आम्ही १२ गाणी काढली, त्यात तुकडोजी महाराजांचं 'या भारतात बंधुभाव' खंजिरीवर आणि मास्टर कृष्णरावांच्या चालीतलं, झिंझोटी रागातलं वंदे मातरम् होतं. चॅनलवाल्यांनी दोन्ही काटली, म्हणे फक्त सिनेमातली घ्या आणि साडेतीन मिनिटांच्या वर एकही नको, लोक चॅनल बदलतात. आमची गायिका म्हणते मग मी येतच नाही. काहून ऐकायचं आम्ही त्यांचं? - एक तबलावादक, मानेवाडा

उत्तर : दादा, पहिले तर तुमच्या गायिकेला माझा नमस्कार सांगा, आणि तिला सोडू नका.

सिनेमातलीच घ्या म्हणतात ना, मग त्यांच्या यादीत 'ऐ मेरे वतन के लोगो' आहे का बघा. असणारच. ते सिनेमातलं नाहीच आहे! १९६२ च्या युद्धानंतर कवी प्रदीपांनी लिहिलं, सी. रामचंद्रांनी चाल दिली (ते आपल्या नागपुरात शंकरराव सप्रेंकडे गाणं शिकलेले) आणि लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नेहरूंसमोर गायलं, म्हणजे तुमच्यासारख्याच स्टेजच्या कार्यक्रमात. आणि सहा मिनिटांच्या वर आहे. साडेतीन मिनिटांत बसवायचं तर कोणतं कडवं काढायचं ते त्यांनाच ठरवू द्या, मला तरी एकही काढवत नाही.

पण त्यांची भीती अगदीच खोटी नाही बरं. १९५२ नंतर केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच केली होती, तर लोकांनी सरळ श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं, शेवटी १९५७ ला आकाशवाणीला गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली. ऐकणाऱ्यावर जबरदस्ती केली की तो उठून जातो, हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. तुमचं वंदे मातरम् तर याच भांडणातून गेलेलं आहे, स्वातंत्र्याआधी मास्टर कृष्णराव रेडिओवर ते गात होते तर प्रसारण मधेच तोडलं, आणि मग कृष्णराव रेडिओवर गायलाच जाईनात. ते गाणं आज वेळ नाही म्हणून काटावं हे मला पटत नाही.

आता करायचं काय. चॅनलला लाइव्ह एक तास पाहिजे असेल तर तो तास त्यांच्याशी बसून गाणंगणिक ठरवा, उरलेला वेळ हॉलमधल्या लोकांचा आणि तुमचा, तिथे त्यांचं काही चालायचं नाही, आणि हे कागदावर घ्या. माझ्या स्वतःच्या एका प्रोग्राममध्ये अंतरा चालू असताना जाहिरात लावली होती, कागद नव्हता म्हणून आम्ही बोलू पण शकलो नाही. त्या तासात खंजिरीचं गाणं पहिलं ठेवा, दोन कडवी, तीन मिनिटं, त्यांचीच अट त्यांच्यासमोर पूर्ण करून. कापलं की गाणं मरतं असं नाही, आपल्या नागपूरच्या राजा बढेंचं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ ला राज्यगीत झालं तेव्हा तेही १ मिनिट ४१ सेकंदांचं केलंच की.

परवानगीचं बघा, स्टेजवर गायचं लायसन्स वेगळं आणि प्रसारणाचं वेगळं, आणि कवी गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात. महाराज १९६८ ला गेले, म्हणजे अजून हक्क आहेत, तेव्हा महाराजांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला विचारून पत्र आणा. चॅनलवाले कधीकधी याच भीतीनं नाही म्हणतात आणि कारण दुसरं सांगतात.

आणि हो, साउंड चेकला खंजिरी आधी वाजवून दाखवा. गाण्याच्या माइकवर तिच्या झांजा इतक्या कर्कश येतात की टीव्हीवर नुसता खणखणाट ऐकू येतो, मग तो कंट्रोलवर बसलेला मुलगा कान धरतो आणि गाणंच नको म्हणतो. तिला वेगळा माइक द्या, हातभर लांब, झांजांकडे नाही तर चामड्याकडे तोंड करून. त्या मुलाला हेडफोन लावून एकदा ऐकवा, मग यादीचं बोला.